दोघी एकदम बोलू लागतात

एकदा एक तरुण अभियंता आपल्या वृद्ध गुरूंकडे मोठ्या उत्साहाने गेला. (हल्लीच्या शिष्यांच्या हाती समिधा नसतात, लॅपटॉप असतो, उत्साह मात्र तोच.) गुरूंची कोकणातल्या गावांना इंटरनेट पुरवणारी छोटीशी कंपनी होती. अनेक देशांच्या कंपन्या जिथे आपले जाळे आणून परस्परांना जोडतात, अशा आशियातल्या एका विनिमय केंद्रात तिला जागा घ्यायची होती. घेता येणार होती एकच.

"हे केंद्र सर्वांत मोठं, गुरुजी. पाचशे सभासद आहेत, ही त्यांची यादी. दुसरीकडं बघायलाच नको!"

गुरूंनी यादी वाचली, घडी करून खिशात ठेवली. "लॅपटॉप राहू दे. आपल्या गिऱ्हाईक शेवंताबाईंकडं जाऊन येऊ."

शिष्य बुचकळ्यात पडला, पण निघाला. शेवंताबाईंची लेक वैजू जपानमध्ये ओसाकाच्या वृद्धाश्रमात शुश्रूषेचे काम करी. आपल्याकडे दुपारी बारा वाजता तिला वीस मिनिटांची सुट्टी मिळे, तेव्हा तिचा व्हिडिओ कॉल येई.

"आई, जेवलीस..."

"वैजू, बरी आहेस..."

दोघी एकदम बोलल्या, एकदम थांबल्या, पुन्हा एकदम बोलल्या. असे करता करता वीस मिनिटे संपली.

"दोन वर्षं झाली," शेवंताबाई पदराने मोबाइलची काच पुसत म्हणाल्या. "किती काय मनात धरून ठेवते. पण आता बोलतच नाही फारसं. नुसती बघत बसते तिच्याकडं."

वाटेत गुरू म्हणाले, "या मायलेकींचा शब्द युरोपला वळसा घालून जपानला पोचतो, म्हणून उशिरा पोचतो आणि दोघी एकदम बोलतात. वैजू ज्या कंपनीची लाइन वापरते, ती तुझ्या यादीत आहे?"

"आहे की."

"आपल्याशी जोडून घ्यायला तयार आहे?"

शिष्याने मान खाली घातली. "विचारलं नाही."

"मांडवात पाचशे माणसं असली, तरी आपल्याशी बोलणारी किती ते बघावं लागतं, बाळा. आपली माणसं कुणासाठी झुरतात ते आधी शोध. तिथल्या कंपनीला विचार, आमच्याशी कुठं जोडून घ्याल? केंद्र त्यानंतर निवड."

शिष्याने विचारले. उत्तर आले: त्या मोठ्या केंद्रात आम्ही लहान कंपन्यांशी जोडणी करत नाही, सिंगापूरच्या एका लहान केंद्रात मात्र सर्वांशी करतो. केंद्रांच्या क्रमवारीत अगदी तळाशी असलेले ते केंद्र शिष्याने निवडले.

जोडणी झाली त्या दिवशी तो आपणहून शेवंताबाईंकडे गेला.

"आई, जेवलीस का?"

"जेवले गं. तू?"

"हो. मी मजेत आहे." आणि वैजू गप्प झाली.

एरवी शेवंताबाईंनी ती शांतता लाइनच्या माथी मारली असती. आज त्या लगेच म्हणाल्या, "वैजू, रडतेस होय गं?"

तिकडून हुंदका आला, तोही लगेच. शिष्य हळूच उठून अंगणात गेला. ओसाका होते तिथेच होते; पण आईपासून रडणे लपवण्याइतके ते आता दूर राहिले नव्हते.