सेवंताचा तांब्या

कोंडाबाईच्या धाकट्या दिराचे लग्न झाले, त्याच वर्षी केदारगिरी महाराज हिवरणीत आले आणि ओढ्याकाठी राहिले. सारे गाव ओढ्याच्या वरच्या अंगाला परसाकडे जाई आणि खालच्या अंगाला पाणी भरी. महाराज रोज सकाळी फावडे घेऊन ती घाण मातीआड करीत. त्यांच्या मदतीला गावातून एकटीच येई, कोंडाबाईची नवी जाऊ सेवंता. महाराजांनी सांगितल्याप्रमाणे ती वाळूत झिरा उकरून पाणी आणी, उकळून झाकून ठेवी आणि हात न बुडवता ओगराळ्याने काढी.

चार वर्षांत सेवंताला दोन मुले झाली, दोन्ही गुटगुटीत. कोंडाबाईची बायजा आणि बळी मात्र दर पावसाळ्यात जुलाबाने चिपाडासारखी होत.

"आमच्या धाकट्या बाई गू झाकून पुण्य जोडतात," ती पाणवठ्यावर म्हणे. "त्या हातची भाकर कोण खाणार?" बायका हसत.

आत मात्र तिचा जीव जळे. महाराजांनी हिलाच काहीतरी दिले आहे! एकदा न्हाऊ घालायच्या निमित्ताने तिने सेवंताच्या मुलांचे गळे आणि दंड चाचपून पाहिले. ताईत सापडला नाही.

त्या आषाढात हगवणीची साथ आली. बायजा आणि बळी एकाच दिवशी आडवी झाली. सेवंता तांब्या घेऊन आली.

"आक्का, उकळलेलं पाणी आहे. जरा मीठ-गूळ घातलाय. घोट घोट पाजा."

"तुझी जगली, हे दाखवायला आलीस होय?" कोंडाबाईने तांब्या अंगणात उपडा केला.

दुसऱ्या दिवशी बायजा गेली. मग मात्र बळीला खांद्यावर टाकून ती महाराजांकडे धावली.

"सेवंताला दिलंत ते मलाही द्या."

"तिला फावडं दिलं, बाई," महाराज म्हणाले. "दुसरं काही नाही."

सेवंताने तसाच तांब्या भरून आणला. महाराजांनी त्यावर हात ठेवला. "आधी याला पाज. मग घरोघर ने."

काय सांगावे! दोन दिवसांत एकोणीस लेकरे त्या एका तांब्यातून प्याली, तरी पाणी काठाखाली उतरले नाही. तिसऱ्या दिवशी बळीने भाकर मागितली.

कोंडाबाई महाराजांच्या पायांशी वाकली, तेव्हा त्यांनी पाय मागे घेतले आणि सेवंताकडे पाहिले. थोरल्या जावेने धाकटीच्या पाया पडायची रीत हिवरणीत नव्हती. कोंडाबाई पडली.

"आक्का, हे काय करता?"

"पडू दे ग. फार जळले तुझ्यावर."

त्या आषाढात हिवरणीत सात लेकरे गेली. शेवटची बायजा, वद्य नवमीला, दिवस मावळताना.