डोईफोडेसाहेबांचा नवा नियम

मला लिहिता-वाचता येत नाही. म्हणून शेळीवाल्यांच्या ग्रुपवर मी बोलूनच पाठवतो. परवा माझी शेळी चंद्री चारा खाईना, म्हणून औषध विचारलं. तर ग्रुप चालवणाऱ्या डोईफोडेसाहेबांनी लांबलचक काहीतरी लिहून टाकलं.

मी बोलून विचारलं, "साहेब, काय लिहिलंय?"

साहेबांचा तापलेला आवाज आला, "नाना, आजपासून इथं फक्त लिहायचं! बोलून पाठवेल त्याला लगेच काढणार, मग तो कुणी का असेना!"

मी म्हटलं, "बरं साहेब. पण पहिलं कुणाला काढायचं? मला तर नियम आत्ता कळला, तुम्ही तर तो स्वतः केलाय, अन् बोलूनच सांगितलाय."

सगळा ग्रुप हसला. दुपारी साहेबांचाच आवाज आला, "नाना, चंद्रीनं चारा खाल्ला का?"