त्रेचाळीसची जागा

त्या तळ्यावर प्रत्येक पिलाला एक आकडा असे आणि त्या आकड्यावरच त्याला सकाळचा मासा मिळे. घरट्यात अंडे पडले की आई काठावरच्या कासवाकडे जाई. कासव शेवटी दिलेल्या आकड्याच्या पुढचा आकडा तिला सांगे. अंडे फुटून पिलू बाहेर आले की ती तोच आकडा सुगरणीला कळवी आणि सुगरण आपल्या लांब पट्टीत त्या पिलाची एक काडी विणे. पट्टीत विणला गेला तो तळ्याचा, असा रिवाज होता.

एका हंगामात तळ्याचा राजा, राजहंस, पट्टी पाहायला आला आणि मध्येच थांबला.

"बेचाळीसनंतर एकदम चव्वेचाळीस? त्रेचाळीस कुठे आहे?"

"माझ्याकडे आलाच नाही, महाराज," सुगरण म्हणाली.

कासवाला बोलावले. ते म्हणाले, "आकडा मी दिला होता. कोणाला, ते आठवत नाही. मला शेवटचा आकडा तेवढा ध्यानात राहतो."

हे उत्तर कोणालाच आवडले नाही. कासवानेच पिलू गिळले असेल, अशी कुजबुज सुरू झाली. राजाने कासवाला काठावर अडकवून ठेवले आणि तीन दिवसांची मुदत दिली. तोवर छडा लागला नाही, तर कासवाला तळ्यापासून दूर, खडकाळ माळावर नेऊन सोडायचे ठरले. तपास टिटवीकडे आला.

टिटवी आधी पट्टीकडे गेली. विणीतून काडी ओढून काढली तर आजूबाजूच्या काड्या सैल पडतात, हे तिला ठाऊक होते. तिने बेचाळीस आणि चव्वेचाळीसच्या मधून चोच फिरवून पाहिली. वीण घट्ट होती.

"इथून कोणी काही काढलेलं नाही," ती सुगरणीला म्हणाली. "इथे कधी काही नव्हतंच."

मग तिने चव्वेचाळीसच्या आईला, बदकिणीला, गाठले. "कासवाकडे तुझ्यापुढे कोण होतं?"

बदकीण आठवू लागली. "टिबुकली होती. घाईत होती. अंड्यावर नवऱ्याला बसवून आली होती."

टिबुकलीचे घरटे लव्हाळ्यांत तरंगत होते. ती ओल्या शेवाळावर बसली होती, खाली काही नव्हते. टिटवीने आकड्याचे विचारले.

"त्रेचाळीस माझाच," टिबुकली म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी वारा सुटला. घरटं उलटलं, अंडं तळाला गेलं."

"मग कळवायचं तरी."

"काय कळवू, ताई? आकडा परत करायला कोण जातं?"

टिटवी तिथून थेट राजाकडे गेली. तिने त्याला सारे सांगितले. कासवाला त्याच दुपारी मोकळे केले. ते पाण्यात उतरले आणि बराच वेळ वर आले नाही.

राजाचे मात्र समाधान झाले नव्हते. "कोणाचाच दोष नाही, हे पटलं," तो म्हणाला. "पण मोजताना दर वेळी तिथे अडखळायला होतं. चव्वेचाळीसपासून पुढच्या सगळ्यांना एकेक आकडा मागे घ्या."

"महाराज, पिलं आता आपापल्या आकड्याला ओळखतात," टिटवी म्हणाली.

"नवा शिकतील."

सुगरणीने पट्टी उसवली आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा विणली. आता ती एकापासून शेवटपर्यंत सलग होती. बदकिणीनेही पिलाकडून नवा आकडा दहा वेळा म्हणवून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मासे वाटायला पाणकावळा नेहमीच्या दगडावर उभा राहिला.

"बेचाळीस."

पाणकोंबडीचे पिलू आले आणि मासा घेऊन गेले.

"त्रेचाळीस."

बदकिणीचे पिलू पुढे सरकले. त्याच वेळी लव्हाळी हलली आणि टिबुकली वेगाने पोहत बाहेर आली. मान उंच करून तिने सगळ्या पिलांवरून नजर फिरवली. पिलाला पाठीवर चढता यावे म्हणून टिबुकल्या उचलतात, तसे तिचे दोन्ही पंख किंचित उचललेले होते.