सभापतींच्या गाडीतला खडखडाट

अण्णाला जाऊन महिनाही झाला नव्हता, तोच सभापती जालिंदरराव गाडी घेऊन त्याच्या गॅरेजवर आले आणि चौकभर ऐकू जाईल असे कडाडले, "तुझ्या भावानं दुरुस्त केल्यापासून गाडी नुसती खडखडतेय! उद्या त्याच्या नावाची ही पाटी उतरवतो!"

धाकट्या हणमंताने बाकी सगळं सोसलं असतं, पण गेलेल्या भावाच्या कामाला नावं ठेवलेली त्याला सोसेनात. हातातला पाना आपटून तो म्हणाला, "बसा गाडीत!"

गाडी खड्ड्यांतून निघाली. खडखड, गडगड! हणमंताने कान देऊन ऐकलं, गाडी पुन्हा चौकात आणली आणि सगळ्यांदेखत डिकी उघडली. शालींच्या गठ्ठ्याखालून वाळलेले नारळ घरंगळत बाहेर आले.

लोक हसू लागले. सभापती गुरगुरले, "हसताय काय? रस्ता मंजूर केला म्हणून गावोगावी सत्कार झालेत माझे! तू आवाज बंद कसा करणार ते सांग."

"अण्णाच्या कामात खोट नाही, साहेब," हणमंत म्हणाला. "तुम्ही तेवढा रस्ता करा. नारळ आपोआप गप्प बसतील."

सभापती निघाले. गाडी दिसेनाशी झाली तरी खडखडाट ऐकू येत होता, आणि पाटी उतरवायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.