एका काट्याचे काम

एकदा एक शिष्य होता, आणि त्याला सगळे येत होते. ही थट्टा नव्हे. घाटाच्या पायथ्याशी एका वृद्ध वस्तादांच्या गॅरेजमध्ये त्याने आठ वर्षे हात काळे केले होते. गाडी दारात आली, की नुसत्या आवाजावरून तो तिचा रोग सांगे, आणि दहापैकी नऊ वेळा ते खरे निघे. अशा माणसाची पंचाईत दहाव्या वेळी होते.

एका सकाळी दोर बांधून एक टेम्पो तेथे ओढत आणला गेला. चालक गावच्या मच्छीमार संस्थेचा होता, आणि टेम्पोत मत्स्यबीज होते. म्हणजे पाणी आणि प्राणवायू भरलेल्या साठ पिशव्यांत जिऱ्याएवढी माशांची पिल्ले. ती गावच्या तलावात सोडायची आणि त्यांच्यावर चाळीस घरांनी वर्षभर जगायचे. पिशव्यांतला प्राणवायू जेमतेम दुपारपर्यंत पुरणार होता. इकडे टेम्पोचा सेल्फ मारला की तो जोमाने फिरे, पण इंजिन काही सुरू होत नसे.

“पहाटे डिझेल भरलं, तेव्हा टाकीचं झाकण...” चालक सांगू लागला.

“दादा, तुम्ही सावलीत बसा,” शिष्य म्हणाला. “गाडीचं मी बघतो.”

इंजिनापर्यंत डिझेल पोचत नाही, हे त्याने क्षणात ओळखले. ते अगदी खरे होते. त्याने फिल्टर बदलला आणि सेल्फ मारला; काही नाही. गेल्या महिन्यात अशाच एका टेम्पोचे, इंजिनात डिझेल फवारणारे नोझल बिघडले होते, म्हणून नोझल काढून तपासले. तेही ठणठणीत निघाले. ऊन चढत चालले होते. चालक पिशव्यांवर ओली गोणपाटे टाकी आणि मधूनमधून एखादी पिशवी उजेडात धरून पाही.

अकराच्या सुमारास शिष्याने हात पुसले आणि निकाल दिला. “इंजिनाचा पंप गेलाय. काढून शहरात पाठवावा लागेल. दोन दिवस धरा.”

“दोन दिवस?” चालक मटकन खाली बसला. “अहो, माझं हे माशांचं बी दोन तास टिकायचं नाही. दुसरी गाडी बोलावली तर ती यायलाच संध्याकाळ होईल.”

शिष्याला वाईट वाटले. तो निर्दय नव्हता. पण पंप गेला म्हणजे गेला, त्याला तो तरी काय करणार? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी आपली गत झाली आहे, हे त्याच्या गावीही नव्हते.

एवढ्यात भाजीची पिशवी हातात घेऊन वस्ताद बाजारातून आले. त्यांनी शिष्याचे सगळे बोलणे शांतपणे ऐकले. चालकाला एकदा सेल्फ मारायला सांगून ते मागे गेले आणि सायलेन्सरसमोर तळहात धरून उभे राहिले. धुराचा मागमूस नव्हता. मग इंजिनाकडे ढुंकूनही न पाहता त्यांनी चालकाला खाली बोलावले आणि ते त्याच्याशेजारी दगडावर बसले.

“भाऊ, काल गाडी चालत होती ना? मग काल ते आज तिच्यात बदललं काय?”

शिष्याचा जीव कासावीस झाला. एकेक मिनिट मोलाचे, आणि वस्ताद गप्पा मारत बसले!

“बदलणार काय?” चालक म्हणाला. “पहाटे डिझेल भरलं आणि झाकण तिथंच राहिलं. टाकीत धूळ जायला नको, म्हणून बियाचीच एक रिकामी पिशवी दुहेरी करून तोंडावर बांधली, वर चार रबरं.” एवढ्या दुःखातही त्याच्या आवाजात अभिमान आला. “आमच्या हातचं बांधणं आहे, वस्ताद. हवेचा कण जायचा नाही.”

वस्ताद उठले. त्यांनी कुंपणाच्या बाभळीचा एक लांब काटा मोडला, टाकीपाशी वाकले आणि तोंडावरून आत खोल ओढल्या गेलेल्या त्या पिशवीला टोचला. सूं करून हवा आत शिरू लागली. आवाज पुरता थांबेपर्यंत ते तसेच उभे राहिले.

शिष्य पाहतच राहिला. पंप गेलेला, आणि हे प्लास्टिकला काटा टोचतात!

“आता इंजिनावरचा हातपंप मार आणि नळीतली हवा काढ,” वस्ताद म्हणाले.

त्याने हातपंप मारला. आधी बुडबुडे आले, मग डिझेलची स्वच्छ धार आली. चालकाने सेल्फ मारला. इंजिनाने दोन आचके दिले, भसकन धूर सोडला आणि ते सुरू झाले.

चालक धावतच मागे गेला. त्याने एका पिशवीला टिचकी मारताच आतले इवले जीव चौफेर पळाले. तो वस्तादांच्या पायांशी वाकला, तेव्हा त्यांनी त्याला मध्येच धरले. “तुमचं बांधणं उत्तमच होतं, भाऊ. फक्त टाकीला नको होतं.”

मग शिष्याला बाजूला घेऊन ते हळू आवाजात म्हणाले, “टाकी काठोकाठ भरलेली होती, पंपही चांगला होता. पण जेवढं डिझेल बाहेर जातं, तेवढी हवा आत यावी लागते. तोंड आवळून बांधलं, तर भरलेली टाकीही थेंबभर देऊ शकत नाही. तुझं ज्ञान खोटं नाही. तू भरलेला आहेस, याचा मला आनंदच आहे. पण तो माणूस सकाळी रोग सांगायला आला, आणि तू त्याला सावलीत बसवलंस. तुझ्या वयात मीही असाच एकाचा चांगला पंप चार दिवस शहरात पाठवला होता. त्याची भाजी टोपल्यांतच सडली. तेव्हापासून मी आधी विचारतो.”

एवढ्या मोठ्या माणसाने आपली चूक इतक्या सहजपणे सांगावी, याचे शिष्याला फार नवल वाटले. शरमेपेक्षा आदरानेच त्याची मान खाली गेली.

चालक निघण्याच्या तयारीत होता. शिष्य त्याच्या खिडकीपाशी गेला. “दादा, बी तलावात सोडतात कसं? मला ठाऊक नाही.”

चालक हसला. “पिशवी आधी तशीच पाण्यावर तरंगत ठेवायची. आतलं पाणी आणि तलावाचं पाणी सारखं गार झालं, की मग तोंड सोडायचं. घाई केली तर बी दगावतं. आणि पिशवी उलटी करून ओतायची नाही. बी आपलं आपण बाहेर जातं.”

शिष्याने सगळे ऐकून घेतले. तो मध्ये एकदाही बोलला नाही.