डब्याची सुट्टी

दोष उपासनी सरांचा. दुसऱ्या कोणाचाही नाही. फकिरानं त्यांना धरून ठेवलं नव्हतं, रिक्षा खाली वळणावर उभी होती, आणि पाचच्या सभेला अजून दीड तास होता.

तरी त्यांनी विचारलंच.

"पण बाबा, सण करायचा म्हणजे नेमकं करायचं काय?"

गैबीशा फकीर मोगरीनं डबे चेपत होता. घाटात फिरायला येणारी माणसं थंडगार काहीतरी पितात आणि कॅन दरीत भिरकावतात, ते डबे. बायका ते पोत्यात गोळा करून तकियावर, म्हणजे फकिराच्या मठीवर, आणतात. फकीर ते चेपतो, म्हणजे पोत्यात जास्त मावतात. देवमाणूस वगैरे नव्हता तो. तंबाखू थुंकायचा, दुपारचा घोरायचा, आणि उत्तर द्यायचं की नाही हे त्याच्या लहरीवर असायचं.

"मघाशी सुट्टी म्हणालात," तो म्हणाला. "कुणाला?"

उपासनी सर म्हणजे तालुक्याच्या कॉलेजचे निवृत्त प्राचार्य. छत्तीस वर्षं त्यांनी पोरांना उभं करून प्रश्न विचारले, आणि उत्तर पुरं व्हायच्या आत खाली बसवलं. घरी एकच नाद, थंड पेयांचे कॅन. सहाशे बारा होते, कपाटांत सालवार लावलेले. दोन वर्षांपासून ते स्वतःला फकिराचा शिष्य म्हणवत. शिष्यानं गप्प बसायचं असतं हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, कारण शिकवणारे तेच होते.

आता मुलानं सांगितलं होतं, महिनाअखेर खोली रिकामी करा, नाहीतर सगळं भंगारात जाईल.

म्हणून सरांनी कॅनदिनाचा घाट घातला. वर्षातला एक दिवस कॅनचा. पालिकेच्या शाळांना सुट्टी, कचेरीला सुट्टी, मिरवणूक, आणि कॅनच्या इतिहासावर सरांचं भाषण. ठराव झाला की संग्रहासाठी जुना हॉल मिळणार होता. नगराध्यक्षांना कॅन आणि तेलाचा पिंप यांतला फरक कळत नसावा, पण एक गोष्ट त्यांनी बरोबर पकडली होती. सरांची नऊ पानं न वाचताच परत करून ते म्हणाले होते, त्या दिवशी लोकांनी काय करायचं ते एका ओळीत लिहून आणा. पाचच्या सभेत द्या. नाहीतर हॉल व्यायामशाळेला देऊन टाकतो.

सरांना नऊ पानं येत होती. एक ओळ येत नव्हती.

"सगळ्यांना सुट्टी," सर म्हणाले. "शाळांना, कचेरीला…"

"आणि डब्याला?"

सर हसले. वर्गात चुकलेल्या पोराकडे बघून हसायचे तसं.

फकीर हसला नाही. पोळ्याला बैल जुंपत नाहीत, त्यानं सांगितलं. खंडेनवमीला सुतार करवत पूजतो, चालवत नाही. ज्याचा सण, त्याला त्या दिवशी काम नाही. एवढंही पाळणार नसाल तर तो सण कसला, नुसता गोंगाट.

"डब्याचं काम काय, सर?"

"धरून ठेवणं," सर ताबडतोब म्हणाले. "आत जे भरलंय ते धरून ठेवायचं. सांडू द्यायचं नाही."

"मग त्याला सुट्टी कशी द्याल?"

सरांचा चेहरा उजळला. खिशातून पेन निघालं. नवव्या पानाच्या मागं त्यांनी लिहिलं, 'त्या दिवशी गावातला प्रत्येक कॅन सूर्योदयापूर्वी रिकामा करावा.' एक ओळ. मोठ्यानं वाचून दाखवली.

फकिरानं शेजारच्या ढिगाकडे बोट केलं.

"हे सगळे रिकामेच आहेत. यांची सुट्टी चालू आहे म्हणायची?"

आणि एकावर मोगरी हाणली.

सरांनी ओळ खोडली. मग त्यांना वाटलं, आपण मुळातच चुकलो. धरून ठेवणं हे काही काम नव्हे. तहानलेल्या माणसाला देऊन टाकणं, हे डब्याचं खरं काम. मग सुट्टी म्हणजे न देणं. त्यांनी नवी ओळ लिहिली. 'त्या दिवशी कोणीही कॅन उघडू नये.'

"वा," फकीर म्हणाला. "म्हणजे दुकानात थंड करायला लावलेत ते रोजच सुट्टीवर."

"नाही, ते… ते वाट बघताहेत."

"वाट बघणं हे काम नाही?"

सरांनी ही पण ओळ खोडली. डोकं भणभणायला लागलं होतं. रिकामा डबा सुट्टीवर नाही. भरलेला डबा सुट्टीवर नाही. मग तिसरं काय असतं?

खाली रिक्षावाल्यानं हॉर्न दिला.

माणसाला उत्तर येत नसलं की तो माहिती सांगायला लागतो. सरांनी इतिहास काढला. सुरुवातीचे कॅन कसे जाड लोखंडी पत्र्याचे होते आणि टोकदार किल्लीनं फोडावे लागत. मग ओढून काढायची कडी आली, लोकांनी कड्या समुद्रकाठी टाकल्या आणि त्या पायात घुसायला लागल्या. मग डब्याला चिकटून राहणारी कडी आली. लोखंड जाऊन अॅल्युमिनियम आलं आणि पत्रा वर्षागणिक पातळ होत गेला… सर बोलत होते आणि फकीर डबे चेपत होता. पोतं घेऊन आलेली चंदाबाई थोडा वेळ ऐकत उभी राहिली. मग तिनं विचारलं, एवढं सगळं माहीत असून सर डबे गोळा करायला दरीत कधी कसे दिसले नाहीत. आणि निघून गेली.

सर तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकलेले होते.

"मिरवणुकीच्या पालखीत काय ठेवणार?" फकिरानं विचारलं.

याचीच सर वाट बघत होते. सोबत आणलेली शिसवी पेटी त्यांनी पुढं ओढली. पेटी एवढी जड, की रिक्षातून वर आणताना दोनदा टेकवावी लागली होती. वरच्या काचेतून आत कापसावर निजवलेला डबा दिसत होता. संत्र्याच्या सरबताचा. मेव्हण्यानं कुवेतहून आणलेला, चाळीस वर्षांपूर्वी. अख्ख्या संग्रहात न उघडलेला हा एवढाच, सरांनी सांगितलं. काचेवर आवाजसुद्धा हळू पडावा अशा बेतानं सांगितलं.

"चाळीस वर्षांत कुणी मागितला नाही?"

"नाही." सर थांबले. "म्हणजे… मुलानं मागितला होता. आणला त्या दिवशी. सहा वर्षांचा होता तेव्हा."

"दिला नाहीत."

"रडला थोडा. मुलं रडतातच. दिला असता तर आज राहिला असता का?"

फकिरानं पहिल्यांदा मोगरी खाली ठेवली.

"राहिलाय का?"

सरांना प्रश्न कळला नाही. समोर दिसत होता की. तरीही त्यांनी किल्ली लावली, काच वर केली आणि कितीतरी वर्षांनी तो डबा दोन्ही हातांनी उचलला.

हात अपेक्षेपेक्षा वर गेले.

डबा हलका होता. सरांनी तो हलवला. कानाशी धरून हलवला. आत काही नव्हतं. थेंबही नाही. वरची कडी जशीच्या तशी, झाकणाला कुठं टाचणीचा ओरखडा नाही, कडा घट्ट. खाली कापसाला फक्त एक तपकिरी डाग होता, रुपयाएवढा. वाळून कडक झालेला.

"हा बंद आहे," सर म्हणाले.

"आहे."

"आणि रिकामा आहे."

"आहे."

"मग हे गेलं कसं… कुठून?"

फकिरानं मोगरी उचलली.

सरांनी चष्मा पुसला आणि भोक शोधायला लागले. डबा उन्हाकडे धरला. बुडाची कड नखानं चाचपली. फकिराच्या माठातलं पाणी बोटावर घेऊन पत्र्यावर फिरवलं, कुठं झिरपतंय का बघितलं. मग डबा पाण्यात बुडवून बुडबुडे येतायत का ते बघितलं. आले, पण बाहेरून चिकटलेल्या हवेचे असावेत. पुन्हा बुडवला. शास्त्रात काहीतरी असणार. आम्ल पत्रा खातं, हे ते स्वतः अकरावीला शिकवायचे. पण खाल्लेली जागा तरी दिसायला हवी होती. काही दिसत नव्हतं. संत्र्याचं चित्र होतं, अरबी अक्षरं होती, बुडाला एक सुरकुती होती. तिच्यावर त्यांनी बराच वेळ घालवला. ती सुरकुतीच निघाली.

खालून दोनदा हॉर्न झाला. मग रिक्षावाला स्वतः वर चढून आला. सभा आहे म्हणाला होतात, त्यानं आठवण केली. सरांनी मान न उचलता हात केला, दोन मिनिटं. वर्गाबाहेर उभ्या असलेल्या बापांना करायचे तसा. रिक्षावाल्यानं फकिराकडे बघितलं. फकिरानं खांदे उडवले. थोड्या वेळानं खाली रिक्षा चालू झाल्याचा आवाज आला आणि वळणापलीकडे गेला.

चंदाबाई दुसरं पोतं घेऊन परत आली.

"सर, बक्षीस लागलंय का काय डब्यात?"

सरांनी ऐकलं नाही. आता त्यांच्या डोक्यात सगळं एकात एक गुंतलं होतं. धरून ठेवलं म्हणावं तर आत काही नाही. सोडून दिलं म्हणावं तर उघडला कोणी नाही. म्हणजे हा डबा काम करत होता की सुट्टीवर होता? कधीपासून? पोराला नाही म्हटलं तेव्हा तर भरलेला होता… होता ना? त्यांनी तेव्हा तो हातात घेऊन पाहिला होता का? आठवेना. पोराचं तोंड आठवत होतं. डब्याचं वजन आठवत नव्हतं.

नऊ पानं वाऱ्यानं उडून ढिगात गेली. चंदाबाईनं उचलून दगडाखाली ठेवली.

ऊन दरीतून वर सरकलं आणि समोरच्या कड्यावरून निघून गेलं. पत्र्यावरचं काहीच आता नीट दिसत नव्हतं. सर डबा डोळ्यांच्या इतका जवळ नेऊन बघत होते, की चष्म्याची काच पत्र्यावर घासत होती.

"बाबा," शेवटी ते म्हणाले. आवाज प्राचार्यांचा राहिला नव्हता. "एवढंच सांगा. भोक कुठं आहे?"

फकिरानं पोत्याचं तोंड सुतळीनं आवळलं, गाठ मारली, आणि गुडघ्यावर हात ठेवून उठला.

"साडेसहा वाजले, सर. हॉल गेला तुमचा."