कफनीवरची ठिणगी

"पण बाबा, बोलताना मधेच विसरलं तर काय करायचं?"

शलाकाने हे तिसऱ्यांदा विचारलं. दर्ग्याच्या ओसरीवर बसलेले फकीर यासीनबाबा धुपाटण्यातले निखारे फुंकत राहिले. गुरुवारचा लोबान पेटायचा होता.

उरुसाला हजार माणसांपुढे बाबा हातात कागद न घेता बोलत. ते जमतं कसं, याचं तिला भारी कुतूहल. तिची स्वतःची गेल्या वर्षी शाळेच्या स्टेजवर चौथ्याच वाक्याला दातखीळ बसली होती, आणि तेव्हापासून अख्खा वर्ग तिला 'स्टॅच्यू' म्हणत होता. उद्या मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप समारंभ. दहावीतर्फे बोलायची संधी तिने हट्टाने मागून घेतली होती. पुन्हा अडखळली, तर तेच नाव घेऊन शाळा सोडावी लागणार होती.

तशी तयारी पक्की आहे, हेही तिने जरा तोऱ्यातच ऐकवलं. अडीच पानं घोटून पाठ. कुठे थांबायचं, कुठे हात उचलायचा, तेसुद्धा. शिवाय शाळेतल्या सरांनी सांगितलेली युक्ती होतीच... समोरच्यांकडे बघायचंच नाही, त्यांच्या डोक्यांवरून मागच्या भिंतीकडे बघायचं.

"म्हणून दाखव," बाबा म्हणाले.

ती उभी राहिली. बाबांच्या हिरव्या फेट्याच्या वर, भिंतीच्या एका पोपड्यावर तिने नजर रोवली.

"सन्माननीय व्यासपीठ..."

ती दुसऱ्या पानावर पोचली, तेव्हा धुपाटण्यात काहीतरी तडकलं. ती दचकली, पण वाक्य सोडलं नाही. मग कसलासा जळका वास आला. लोबानाचाच असेल, असं वाटून ती पुढे गेली.

अडीच पानं संपली. एक शब्द इकडचा तिकडे नाही. तिने सुस्कारा टाकला, आणि खाली पाहिलं.

बाबांच्या कफनीच्या काठाला तळहाताएवढं भोक पडलं होतं. कडा अजून धुमसत होत्या. बाबा मांडी घालून बसलेले, तिच्या तोंडाकडे बघत.

"अहो बाबा, पेटलंय... पाय घ्या आधी मागे. असं कुणी बसून राहतं का? भाजलं असतं म्हणजे? हाक तरी मारायची!"

बोलता बोलता तिने दप्तरातली पाण्याची बाटली कफनीवर उपडी केली, ओढणीने काठ चोळला, गुडघे टेकून बाबांची पोटरी निरखली. फोड आलाय का विचारलं, कोरफड घेऊन येते म्हणाली, आता धुपाटणं दूर ठेवत जा म्हणून दटावलंही.

बाबा ऐकत होते...

"हे कधी पाठ केलंस, बेटी?"